गाडीचे अ‍ॅव्हरेज आणि गिअरचा हिशेब

चांदीप, शिरसाड, मांडवी या पट्ट्यात कर्जाने गाडी घेऊन विरार स्टेशनची किंवा ठाण्याची भाडी मारणारे तरुण आता बरेच दिसतात. बँकेचा हप्ता ठरलेला, विमाही ठरलेला. कमी करता येण्याजोगा मोठा खर्च एकच, तो इंधनाचा. गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही म्हणून आधी मेकॅनिकला बोल लावतात, मग पंपवाल्याला. गिअरवरच्या डाव्या हाताकडे मात्र कुणी पाहत नाही.

आम्हा कारकुनांना आकड्याशिवाय पटत नाही. समजा, गाडी रोज १२० किलोमीटर चालते. अ‍ॅव्हरेज १५ असेल तर ८ लिटर पेट्रोल लागेल आणि १८ असेल तर पावणेसात लिटरही लागणार नाही. महिन्याचे २५ दिवस धरले तर फरक ३३ लिटरचा. लिटरला १०० रुपये धरा, म्हणजे ३,३०० रुपये झाले. पोराच्या क्लासची फी त्यात निघते.

हे पेट्रोल जाते कुठे? सपाट रस्त्यावर ताशी ५० च्या वेगाने जायला लागणारी ताकद तिसऱ्या गिअरमध्येही तेवढीच आणि पाचव्यातही तेवढीच. पण लहान गाडीचे इंजिन तिसऱ्यात मिनिटाला साधारण अडीच हजार फेरे घेते, तर पाचव्यात दीड हजारांच्या आसपास. (गाडीगणिक आकडे थोडे बदलतात.) प्रत्येक फेऱ्याला आतील भाग एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात इंधन जळते. शिवाय पेट्रोल इंजिनात हवेची झडप अर्धवट मिटलेली असेल तर हवा ओढून घेण्यातच ताकद खर्ची पडते. तोंडावर रुमाल बांधून पळावे, तसे हे आहे. वरच्या गिअरमध्ये तेच काम कमी फेऱ्यांत होते आणि झडपही अधिक उघडी राहते. डिझेल इंजिनात हवेची अशी अडवणूक जवळजवळ नसते, घर्षण मात्र तिथेही आहेच.

म्हणून ऊठसूट टॉप गिअर टाकावा, असेही नाही. गाडी धडधडू लागली, पाय दाबूनही ओढेना, की गिअर उतरवलाच पाहिजे. माणसे भरून घोडबंदरजवळचा गायमुखचा चढ चढताना चौथ्यात रेटत राहण्यात बचत नाही. इंजिनावर ताण येतो आणि पूर्ण पाय दाबल्यावर पेट्रोलही जास्तच सुटते. चढ लागण्याआधीच गिअर उतरवावा. सी.एन.जी.वर गाडीची ओढ थोडी कमी होते, तेव्हा तिथे तर लवकरच.

उतारावर न्यूट्रल टाकणे ही कार्ब्युरेटरच्या काळातली सवय. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर असताना पाय उचलला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन सुरू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. त्यात गाडीला इंजिनाचा आवर राहत नाही आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. भरल्या गाडीत हा खेळ जिवावर बेतू शकतो.

महामार्गावर गिअर पाचवाच असतो, तिथे प्रश्न वेगाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ८० वर गेलात की तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. पी.सी.आर.ए. ही १९७८ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची इंधनबचतीची संस्था ताशी ४५ ते ५५ चा वेग सुचवते. गिऱ्हाईक घाईत असते तेव्हा हे जमत नाही, ते खरे. पण रिकामी गाडी परत आणताना कसली घाई?

खात्री करायची तर टाकी काठोकाठ भरा आणि किलोमीटर वहीत लिहा. पुन्हा काठोकाठ भरताना लागलेल्या लिटरने चाललेल्या किलोमीटरना भागा. तीन टाक्या नेहमीच्या सवयीने चालवा, तीन नव्या सवयीने. पंप शक्यतो एकच ठेवा आणि टायरची हवा आधी तपासून घ्या, नाहीतर फरक कशाने पडला ते कळायचे नाही.