नदीचा गाळ शेतात टाकण्यापूर्वी

गेल्या फेब्रुवारीत आम्ही नववीच्या मुलामुलींना राजगडावर नेले. वेल्ह्याकडून पाली गावात उतरलो आणि पाली दरवाजाने वर गेलो. परतताना गावातल्या एका शेतकरीदादांकडे भाताच्या खाचरातली पिशवीभर माती मागितली. ते हसले. म्हणाले, "मास्तर, लोक गडावरून फोटो नेतात, तुम्ही माती नेताय!"

मातीची गरज मामूंमुळे पडली होती. त्यांचे शेत दौंड तालुक्यात, मुळामुठेच्या जवळ. त्यांना कोणीतरी शहराकडच्या नाल्याचा गाळ ट्रॉलीमागे स्वस्तात देऊ केला होता. एक ट्रॉली बांधावर उतरलीही होती. "गाळ म्हणजे शेताचं सोनं. तुम्ही विज्ञान शिकवता, सांगा, आणखी घेऊ का?" मामूंचे चूक नव्हते. धरणांतला गाळ शेतात न्यावा म्हणून सरकारनेच २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. प्रश्न एवढाच होता, की हा गाळ कुठून वाहत आला?

शाळेत आम्ही दोन बाटल्यांचे बूड कापले, तोंडाला फडके बांधले, त्या उलट्या टांगल्या आणि दोन्हींत पालीची माती भरली. एकीत तोंड आल्यावर लावतात ते जांभळे औषध पाण्यात पातळ करून ओतले, दुसरीत लाल शाईचे पाणी. लाल पाणी खाली लालच गळले. जांभळे मात्र जवळजवळ स्वच्छ होऊन आले. "मातीने जांभळा रंग खाल्ला!" असे मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले.

खाल्ला नाही, धरून ठेवला. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. जांभळ्या रंगाच्या कणांवर धन भार, म्हणून ते चिकटतात. लाल शाईच्या रंगावर ऋण भार, म्हणून तो निसटतो. पाण्यात विरघळलेले शिसे, जस्त, तांबे, कॅडमियम यांच्यावरही धन भारच असतो. कण जितका बारीक तितकी त्याची एकूण पाठ मोठी, म्हणून वाळू थोडे धरते आणि चिकण गाळ पुष्कळ. त्यात कुजलेला पाला आणि कणांवरचा लोहाचा तांबूस थर असला, तर पकड आणखी घट्ट होते.

शहरात हे धातू येतात कुठून? झिजणाऱ्या टायरांतून आणि पत्र्याच्या छपरांवरून जस्त, ब्रेकमधून तांबे, जुन्या रंगांतून आणि बॅटऱ्यांतून शिसे. पेट्रोलमधले शिसे २००० साली बंद झाले, पण धातू कुजत नाही. त्या काळचे रस्त्याकडेच्या मातीत आजही असू शकते. आठ महिने साचलेली ही धूळ पावसाच्या पहिल्या सरी गटारांतून नदीत ढकलतात.

पूर्वी वेल्हे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकाच राजगड तालुक्याच्या पाण्याच्या दोन वाटा पाहा. पालीचे पाणी गुंजवणीत, तिथून नीरेत आणि थेट नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते. वाटेत पुणे नाही. पानशेतचे पाणी मात्र खडकवासल्याहून मुठेत येते, पुण्यातून जाते आणि मुळामुठा होऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. पुढे उजनीच्या फुगवट्यात पाणी संथ होते आणि गाळ खाली बसतो. त्याला चिकटलेले धातूही त्याच्याबरोबर बसतात. म्हणून वरचे पाणी तपासून निर्धास्त होता येत नाही.

मामूंनी वकिलासारखा मुद्दा काढला. "चिकटून बसलंय ना? मग पिकात कसं येईल?" मुद्दा बिनतोड वाटतो, पण ही पकड कायमची नसते. नाल्याच्या तळाशी हवा पोचत नाही. त्या काळ्या, कुजक्या वासाच्या चिखलात धातू गंधकाशी जोडले जातात आणि गप्प पडून राहतात. तोच चिखल उपसून उन्हावाऱ्यात पसरला, की गंधकाचे हळूहळू आम्ल होते आणि धातू सुटू लागतात. सुटलेले कॅडमियम पालक, मेथीसारख्या पालेभाज्या चटकन शोषतात. शिसे बहुतेक मातीत आणि मुळांत राहते, पण पानांवरच्या धुळीतून आणि मुलांच्या मातीच्या हातांतून पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही.

(गंधकाशी जोडलेले शिसे आपल्या घरातही असते, हे जाता जाता सांगायला हवे. परंपरेने सुरमा ज्या दगडापासून कुटतात, तो हाच. बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालणाऱ्या आमच्या खालांना हे पटवताना आमची अर्धी ईद गेली होती.)

मग मामूंनी मृदा आरोग्य पत्रिका काढून दाखवली. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त, तांबे, लोह असे बारा घटक असतात. शिसे नाही, कॅडमियम नाही. हे दोन वेगळे सांगून, वेगळे पैसे भरून तपासावे लागतात. शिवाय आपल्या काळ्या दगडातच तांबे आणि जस्त मुळात असते. म्हणून नुसता गाळाचा आकडा पुरत नाही, शेजारच्या जुन्या शेतातल्या मातीचाही नमुना द्यावा लागतो. थोडे जस्त तर पिकाला हवेच असते.

मामूंनी दोन्ही नमुने दिले आणि बाकीच्या ट्रॉल्या थांबवल्या. अहवाल अजून यायचा आहे. बांधावरच्या ढिगावर आता घोळीची भाजी माजली आहे, चांगली लुसलुशीत. ती कोणी खुडू नये, म्हणून मुमानींनी भोवती काटे टाकले आहेत.