हिरवट वटवट्या

सप्टेंबर महिना सरत आला की बंगळुरूच्या लालबागेत आणि कब्बन पार्कमध्ये एक तीक्ष्ण आवाज ऐकू येऊ लागतो. ‘ची-विट’, ‘ची-विट’ असा दोन तुकड्यांचा हा आवाज गजबजलेल्या रस्त्यावरील पर्जन्यवृक्षातूनही येतो. आवाज करणारा मात्र सहसा दिसत नाही. हा हिरवट वटवट्या. त्याची लांबी १० ते ११ सेंटीमीटर आणि वजन अवघे सात-आठ ग्रॅम, म्हणजे चिमणीच्या निम्म्याहून कमी.

त्याची पाठ हिरवट करडी, पोट मळकट पांढरे आणि डोळ्यावर फिकट भुवई असते. मिटलेल्या पंखावर एक बारीक पांढुरकी रेघही असते. परंतु पिसे झिजली की ही रेघ पुसट होते, कधी दिसेनाशीही होते. म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. पक्षी कोठे वावरतो, काय करतो आणि कसा बोलतो, हे पाहावे. हिरवट वटवट्या झाडाच्या वरच्या पानांत सतत हालचाल करीत किडे, अळ्या व कोळी टिपतो. खाली झुडपात राहून ‘चक्, चक्’ करणारा तपकिरी पक्षी बहुधा ब्लिथचा वटवट्या असतो. त्याच्या पंखावर रेघ नसते. शिंप्याचे डोके तांबूस व शेपटी उभारलेली असते. चष्मेवाले पक्षी थव्याने हिंडतात; हिरवट वटवट्या एकटा असतो.

तो एकटा का असतो? हिवाळ्यात प्रत्येक पक्षी काही झाडांचा पानोळा आपल्या ताब्यात ठेवतो आणि दुसऱ्याला तेथे येऊ देत नाही. आपल्याला गोड वाटणारी ती ‘ची-विट’ म्हणजे खरे तर हद्दीची सूचना होय. दक्षिण भारतात पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालून अभ्यास झाला, तेव्हा तोच पक्षी पुढील वर्षी त्याच जागी परतल्याचे आढळले.

उन्हाळ्यात हे पक्षी हिमालयात व त्यापलीकडे सायबेरियापर्यंतच्या अरण्यांत घरटी करतात. तिबेटच्या पठाराच्या दोन्ही बाजूंनी उत्तरेकडे जावे, तसे त्यांचे गाणे थोडेथोडे बदलत जाते. मध्य सायबेरियात या दोन शाखा पुन्हा भेटतात, पण तोवर गाणी इतकी निराळी झालेली असतात की त्यांच्यात सहसा जोड्या जमत नाहीत. एका जातीच्या दोन जाती कशा होतात, हे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञांना या चिमुकल्या पक्ष्याचा मोठा उपयोग झाला आहे.

एप्रिलच्या सुमारास तो परत निघतो. म्हणजे वर्षातील सहा-सात महिने तो आपल्याकडेच असतो. मग त्याला पाहुणा म्हणावे तरी कसे? त्याच्यासारखे स्थलांतरित पक्षी कधी येतात व जातात, याच्या नोंदी सामान्य नागरिकांकडून मिळवण्यासाठी बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस या संस्थेतून २००७ साली ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम सुरू झाला होता. दुर्बीण नसलेल्या माणसालाही कानांच्या आधारे अशी तारीख टिपता येते.

गेल्या काही दशकांत रस्तारुंदीकरण व मेट्रोसाठी बंगळुरूतील अनेक जुनी झाडे तोडली गेली. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला आपले झाड सापडले नाही, तर शेजारचे झाड सहजी मिळत नाही. तेथून दुसऱ्या वटवट्याची ‘ची-विट’ आधीच ऐकू येत असते.