रोवणीच्या तोंडावर उघडणारी शाळा

विदर्भातील शाळा राज्यातील इतर शाळांच्या मागून उघडतात. २०२५ मध्ये उर्वरित महाराष्ट्रात १६ जूनला वर्ग भरले, विदर्भात २३ जूनला. त्याआधीच्या वर्षी विदर्भातल्या मुलांचा पहिला दिवस १ जुलै होता आणि २०२३ मध्ये ३० जून. कारण उघड आहे, ऊन. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले नवेगाव बांध घ्या. गाव तलावाच्या काठी आहे, राष्ट्रीय उद्यान शेजारी आहे. पण मृग कोरडा गेला तर तिथेही वर्गखोलीत दुपारी बसवत नाही. म्हणून २०२५ मध्ये पहिला आठवडा, म्हणजे २८ जूनपर्यंत, सकाळी सात ते पावणेबारा अशी शाळा ठेवली गेली आणि ३० जूनपासून नेहमीची वेळ सुरू झाली. ही सवलत मात्र एकाच टोकाला मिळते. त्याच वर्षी वार्षिक परीक्षांचे वेळापत्रक राज्यभर एकच केले गेले आणि विदर्भातल्या मुलांनाही २५ एप्रिलपर्यंत पेपर द्यावे लागले. जूनमधले ऊन शासनाला दिसते, एप्रिलमधले दिसत नाही, असा हा हिशेब आहे.

शाळा उघडण्याची तयारी उन्हाळ्यातच सुरू झालेली असते. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ नावाचे शाळापूर्व तयारी अभियान चालते. त्याचे दोन मेळावे होतात, एक एप्रिलच्या सुमारास आणि दुसरा शाळा उघडताना. मेळाव्यात टेबले मांडलेली असतात. एकावर नावनोंदणी, दुसऱ्यावर उड्या मारणे, चेंडू फेकणे, तिसऱ्यावर रंग आणि आकार ओळखणे, पुढे गोष्ट ऐकून सांगणे, वस्तू मोजणे. मूल टेबलामागून टेबल पुढे जाते आणि त्याला काय जमते ते विकासपत्रावर नोंदले जाते. यात परीक्षा नाही, नापास होणे नाही. अभियानाचा खरा भार मातांच्या गटांवर असतो. शेजारपाजारच्या आयांनी एकत्र बसून सुट्टीत मुलांकडून घरच्या घरी कृती करून घ्यायच्या असतात. एप्रिल-मे हे महिने या भागात मोहफुले वेचण्याचे आणि तेंदूपाने तोडण्याचे. पहाटे जंगलात गेलेली आई दुपारी पानांचे पुडे बांधते, मग संध्याकाळी ते द्यायला फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, जाते. अशा घरात मातागटाची बैठक कागदावर सोपी आणि प्रत्यक्षात अवघड असते.

प्रवेशाचा नियम असा की, ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणारे मूल त्या वर्षी पहिलीत बसू शकते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हापासून जन्मदाखला नाही म्हणून कोणाचा प्रवेश अडवता येत नाही. पूर्वी गुरुजी अंदाजाने जन्मतारीख टाकत. आता अंगणवाडीच्या नोंदवहीवरून दाखलपात्र मुलांची यादी तयार होते आणि शिक्षक घरोघर फिरून ती पडताळून पाहतात.

पहिला दिवस प्रवेशोत्सवाचा. सकाळी प्रभातफेरी निघते, नव्या मुलांच्या हाती गुलाबाचे फूल येते, ठिकठिकाणी त्यांना बैलगाडीतून मिरवतात, कुठे कुंकवाच्या पाण्यात बुडवलेल्या इवल्या पायांचे ठसे कागदावर घेतात. कधी पाहुणे म्हणून लोकप्रतिनिधी किंवा अधिकारी येतात. भाषणे लांबली की पहिलीची मुले रडू लागतात, हेही दरवर्षीचेच. नंतरचा परिपाठ नेहमीचा : राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना आणि २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत.

त्याच दिवशी पुस्तके वाटली जातात. समग्र शिक्षा योजनेतून आठवीपर्यंत ती मोफत मिळतात. ती छापणारी ‘बालभारती’ ही संस्था १९६७ मध्ये पुण्यात स्थापन झाली. मधली दोन वर्षे पुस्तकांत वहीची कोरी पाने घातलेली होती, दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून. मुले वेगळी वही आणतच राहिली, पुस्तक जाड झाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये हा प्रयोग बंद झाला. पहिलीला २०२५-२६ पासून नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके आली. त्याच सुमारास पहिलीपासून हिंदी हवी की नको हा वाद राज्यभर पेटला होता. त्यासंबंधीचे शासननिर्णय २९ जूनला मागे घेण्यात आले, तेव्हा विदर्भातल्या शाळांचा पहिला आठवडा नुकताच उलटला होता.

गणवेशाची गोष्ट याहून बोलकी आहे. २०२४-२५ मध्ये कापड राज्यपातळीवरून खरेदी करून ते बचत गटांतील महिलांकडून शिवून घेण्याचे ठरले. कल्पना वाईट नव्हती. पण कापड उशिरा आले, मापे चुकली, अनेक शाळांत स्वातंत्र्यदिन जुन्याच कपड्यांत साजरा झाला. डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवले गेले. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. मुलाच्या खांद्याचे माप मुंबईपेक्षा गावातल्या शिंप्याला जास्त ठाऊक असते, एवढी साधी गोष्ट कळायला एक शैक्षणिक वर्ष गेले.

घंटा वाजल्यापासून मुलांचे लक्ष असते ते मधल्या सुट्टीतल्या आहाराकडे. केंद्राची ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, २००१ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले आणि २०२१ मध्ये तिचे नाव ‘पीएम पोषण’ झाले. गावात मात्र तिला अजूनही खिचडीच म्हणतात. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि ताटात किमान ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने असावीत असे प्रमाण आहे. गोंदिया हा धानाचा जिल्हा, त्यामुळे भाताची नवलाई नाही; मुलांना ओढ असते ती अंड्याची. २०२३ च्या अखेरीस राज्याने आठवड्यातून एक अंडे सुरू केले होते, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. आता लोकवर्गणीतून जमले तर मिळते.

शिकवणे मात्र सावकाश रुळावर येते. दोन महिन्यांच्या सुट्टीत दुसरी-तिसरीची मुले जोडाक्षरे विसरतात, हातच्याची वजाबाकी विसरतात. म्हणून पहिले दिवस उजळणीचे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावेत, हे २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी २०२६-२७ ची मुदत आहे. चावडीवर गावकऱ्यांसमोर मुलांनी वाचून दाखवायचे, असा ‘चावडी वाचना’चा उपक्रम त्यातूनच आला. लहान शाळांत अडचण वेगळी असते. ६० पर्यंत पटाला कायद्याने दोन शिक्षक मिळतात, आणि वर्ग असतात चार किंवा पाच. एक शिक्षक पहिली-दुसरी सांभाळतो, दुसरा उरलेले सगळे. भाषेचेही तसेच आहे. मूल घरी झाडीबोली बोलते, काही घरांत गोंडी. पुस्तकातली मराठी त्याला परकी नसली तरी पाहुणी वाटते. जाणते शिक्षक पहिले काही आठवडे मुलाच्या बोलीतच गोष्टी काढून घेतात आणि उच्चार सुधारण्याची घाई करत नाहीत.

तिसरीपासून परिसर अभ्यास हा विषय येतो, आणि त्यासाठी नवेगाव बांधसारखी जागा शोधून मिळणार नाही. हा तलाव कोळू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. पूर्व विदर्भातले कितीतरी तलाव कोहळी समाजाच्याच हातचे. पाण्याचा उतार, पाळ, पाट, खालच्या बांध्या म्हणजे धानाची खाचरे, हे सगळे पायी जाऊन दाखवता येते. वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्ली इथे राहिले, माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणकारांसोबत त्यांनी इथले पक्षी न्याहाळले आणि त्या काळावर ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिले. चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी वारले, विदर्भातल्या शाळा उघडण्याच्या पाच दिवस आधी.

पाऊस लागला की गावाचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकावर कुरघोडी करते. जूनअखेर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकले जातात, जुलैत चिखलणी आणि रोपांची रोवणी. आईवडील दोघेही बांधीत, म्हणून तिसरी-चौथीतली बहीण धाकट्याला सांभाळायला घरी. मस्टरवर अशा मुलांची गैरहजेरी आजार म्हणून लागत नाही, कामचुकारपणा म्हणूनही नाही. शिक्षकांना कारण माहीत असते. काही जण धाकट्या भावंडाला वर्गात बसू देतात. नियमात ते बसत नाही, पण मोठी मुलगी शाळेत येते. मुसळधार पावसात नाले भरले की सुट्टी जाहीर होते, मग तो दिवस नंतर भरून काढावा लागतो. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शिकवणे बंधनकारक आहे.

याच महिन्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊ लागते. वजन, उंची, दात, डोळे तपासले जातात, ऑगस्टमध्ये जंतनाशकाची गोळी दिली जाते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे असल्याने फिकट, वारंवार सांधे दुखणाऱ्या मुलावर शिक्षकाची नजर असावी लागते.

रोवणी आटोपते, पोळा येतो आणि पट स्थिरावतो. ३० सप्टेंबरची पटसंख्या हीच संचमान्यतेला धरली जाते, तीही आधार क्रमांक जुळलेल्या मुलांची. त्या आकड्यावर शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरते.