अनोळखी माणसाचा जामीन

“कुणाच्याही कागदावर सही करू नकोस,” हा उपदेश मराठी मध्यमवर्गीय घरात मुलाला पहिली नोकरी लागताच मिळतो. पतपेढीच्या कर्जाला जामीन राहिलेला एखादा काका प्रत्येक घराण्यात असतोच. मित्र हप्ते थकवून गावाकडे निघून गेला आणि काकांच्या पगारातून दोन वर्षे कपात होत राहिली, ही गोष्ट मग लग्नकार्यात, पंगती उठल्यावर, पान जमवता जमवता पुन्हा पुन्हा सांगितली जाते. जामीन राहणे म्हणजे भोळेपणा, हे समीकरण आपल्या मनात असे पक्के बसलेले आहे. ओळखीच्या माणसाची ही कथा, तर ज्याला पाहिलेलेही नाही, ज्याची भाषाही येत नाही, त्याच्यासाठी सही कोण करणार?

१९३८-३९ साली युरोपातल्या असंख्य ज्यूंचे प्राण नेमके अशा सहीवर अडकले होते. तेव्हा गॅस चेंबर उभे राहायचे होते. जर्मन सरकार ज्यूंना लुबाडून, अपमान करून देशाबाहेर हाकलत होते. बाहेर पडणे एक वेळ शक्य होते, पण आत घ्यायला कोणी तयार नव्हते. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियां या गावी ३२ देशांचे प्रतिनिधी या प्रश्नावर विचार करायला जमले. सहानुभूती सगळ्यांनी दाखवली, दारे जवळजवळ सगळ्यांनी लावून घेतली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर लाल रंगात ‘जे’ हे अक्षर उमटू लागले. ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनी-ऑस्ट्रियात सिनेगॉग जाळले गेले, दुकाने फोडली गेली आणि सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना छळछावण्यांत डांबले गेले.

आणि इकडे आपल्याकडे? महालक्ष्मीहून वरळीकडे जाताना लागणारा डॉ. ई. मोझेस रोड आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा आहे. हे डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. १९३७-३८ या वर्षी ते मुंबईचे महापौर होते. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि व्हिएन्नाच्या रस्त्यांवर ज्यू डॉक्टरांना, वकिलांना, म्हाताऱ्या बायकांना गुडघ्यांवर बसवून फरशा घासायला लावले गेले. बघ्यांच्या गर्दीत त्यांचे शेजारीच हसत उभे होते. तिकडे ज्यू डॉक्टर रस्ता घासतो आहे आणि इकडे ज्यू डॉक्टर शहराचा पहिला नागरिक आहे, हे दोन्ही एकाच काळातले.

मानपाड्याकडून ठाणे स्टेशनकडे निघालेल्या माणसाला टेंभी नाका नवा नाही. त्या परिसरात १८७९ साली बांधलेले ‘शार हशामाईम’, म्हणजे ‘स्वर्गाचे द्वार’, हे बेने इस्रायलींचे प्रार्थनामंदिर आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज कोकणात आले, अशी या समाजाची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’. आडनावे गावांवरून पडलेली, पेणकर, राजपूरकर अशी. बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तने करणारा हा समाज. शतकानुशतके इथे राहूनही धर्मासाठी त्यांना कोणी छळले नाही, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटावाच. पण घरच्या ज्यूला न छळणे वेगळे आणि परक्या ज्यूसाठी काही करणे वेगळे. दुसऱ्या परीक्षेत आपला देश कसा उतरला, याचे उत्तर तितकेसे सरळ नाही.

राज्य इंग्रजांचे होते, त्यामुळे व्हिसा देणे-न देणे त्यांच्या हाती. अट अशी, की येणाऱ्याला हिंदुस्थानात नोकरी ठरलेली असली पाहिजे किंवा त्याचा भार सरकारवर पडणार नाही याची हमी इथल्या कोणीतरी घेतली पाहिजे. म्हणजे पुन्हा जामीनच. मुंबईत १९३४ मध्येच ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ ही संस्था निघाली होती. तिने हमीपत्रे दिली, आलेल्यांच्या राहण्याजेवणाची, कामधंद्याची सोय पाहिली. या संस्थेकडे नोंदलेले निर्वासित हजाराच्या आसपास होते. लाखोंच्या पुढे हजार म्हणजे ओंजळभर. पण त्या ओंजळीतल्या प्रत्येकामागे कोणाची तरी सही होती.

अशीच सही करणारा एक माणूस लुधियान्याचा. कुंदनलाल त्याचे नाव, यंत्रे बनवण्याचा धंदा, मधुमेह आणि मूळव्याध यांनी बेजार. उपचारासाठी १९३८ मध्ये तो व्हिएन्नाला गेला. तिथल्या रुग्णालयात त्याची गाठ आल्फ्रेड आणि लुसी वाक्स्लर या तरुण ज्यू दांपत्याशी पडली. लुसीला पहिले बाळ होणार होते. शहरात काय चालले आहे ते त्यांनी सांगितले. पुढच्या काही महिन्यांत कुंदनलालला असे आणखी काही जण भेटले: फ्रिट्झ वाइस हा वकील, हान्स लॉश हा कापड गिरण्यांतला तंत्रज्ञ, प्लायवूडचा कारखाना असलेले शाफ्रानेक बंधू. या गृहस्थाने काय करावे? त्याने सगळ्यांना नोकऱ्या देऊन टाकल्या. लॉशला ‘कुंदन क्लॉथ मिल्स’चा व्यवस्थापक नेमले. अशी गिरणीच अस्तित्वात नव्हती! फर्निचरच्या कारागिराला फर्निचरचा कारखाना, प्लायवूडवाल्यांना प्लायवूडचा. कागदावर हिंदुस्थानात उद्योग उभे राहिले आणि त्या कागदांवर व्हिसा मिळाले. सरकारी भाषेत याला खोटेपणा म्हणतात. मी म्हणणार नाही.

ही माणसे लुधियान्याला आली. कुंदनलालने स्वतःच्या आवारात त्यांना घरे बांधून दिली. आता इथे गोष्ट संपली असती तर ती सिनेमासारखी झाली असती. पण व्हिएन्नाच्या ऑपेराला आणि कॉफीला सरावलेल्या माणसांना त्या काळचे लुधियाना कसे रुचावे? लॉश काही आठवड्यांत कंटाळून मुंबईला निघून गेला. दोन महिने होण्याच्या आत वाइसही गेला. आमच्याकडे असते तर “उपकाराची जाण नाही मेल्यांना” असे नक्की झाले असते. कुंदनलालने मनात अढी धरली नाही. माणूस जिवंत राहावा म्हणून सही केली होती, त्याने आपल्या अंगणात राहावे म्हणून नव्हे.

युद्ध पेटल्यावर आणखी एक विचित्र प्रकार घडला. हिटलरपासून पळालेले हे लोक जर्मन पासपोर्टवर आले होते, म्हणून इंग्रज सरकारच्या दफ्तरी ते ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने देशाबाहेरच्या ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले, तरी इकडच्या कागदावर ते जर्मनच राहिले. १९४२ मध्ये वाक्स्लर कुटुंब आणि शाफ्रानेक बंधू, त्यांच्या आईसह, पुण्याजवळच्या स्थानबद्धांच्या छावणीत हलवले गेले. अशी एक छावणी पुरंदर किल्ल्यावरही होती. मुरारबाजी जिथे पडला, संभाजीराजे जिथे जन्मले, त्या गडावर युद्धाच्या काळात युरोपातले निर्वासित दिवस मोजत होते, हे सहलीला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? वाक्स्लर आणि शाफ्रानेक यांची सुटका १९४६ मध्ये झाली. कुंदनलालची ही हकीकत त्याचा नातू विनय गुप्ता याने पुस्तकात मांडली तेव्हा कुठे जगापुढे आली. तोवर ती त्या घरापुरतीच होती.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्यूंना आश्रय म्हटले की बरेच जण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे नाव घेतात. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले आणि कोल्हापूरने त्यांना प्रेमाने वागवले, हे खरेच. पण ते प्रामुख्याने कॅथलिक पोलिश होते आणि रशियाने त्यांना आधी सैबेरियाकडे हद्दपार केले होते. कोल्हापूरकरांचे मोठेपण त्याने कमी होत नाही. फक्त ती गोष्ट वेगळी.

मुंबईत उतरलेल्यांकडे वळू. ऑल इंडिया रेडिओची पहाटेची ती सूचक धून, जिच्यावर आपल्या दोन-तीन पिढ्यांनी चुली आणि पंप पेटवले, तिचे श्रेय सामान्यतः वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते. कार्ल्सबादचा हा ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईला आला आणि १९४६ पर्यंत राहिला. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर स्वतः ज्यू नव्हते. त्यांची पत्नी ज्यू होती, म्हणून त्यांनी व्हिएन्ना सोडले. रझा, आरा यांच्यासारख्या तरुण चित्रकारांना मुंबईत त्यांच्या घरी वाव मिळाला. व्हिएन्नाची नर्तकी हिल्डे होल्गर १९३९ मध्ये आली, एका पारशी डॉक्टरशी तिने लग्न केले आणि मुंबईत नृत्यशाळा काढली. तिची आई मागे राहिली आणि नाझींच्या हातून मारली गेली. व्हिसा एकीला मिळाला होता.

अशी नावे घेण्यात एक धोका आहे, तोही सांगतो. यातून असे वाटू लागते, की निर्वासित म्हणजे एखादा संगीतकार, नर्तकी, शास्त्रज्ञ, आणि त्याला वाचवणे म्हणजे फायद्याचा सौदा. आलेल्यांत कारकून होते, दुकानदार होते, फारसे काही न येणारेही होते. त्यांनी आपल्याला कुठलीही धून दिली नाही. त्यांना वाचवण्यासारखे काही नव्हते का?

आता बोलण्याविषयी. १९३८ मध्ये युरोप पाहून आलेल्या पंडित नेहरूंनी ज्यू निर्वासितांना हिंदुस्थानात जागा द्यावी म्हणून काँग्रेस कार्यकारिणीपुढे ठराव आणला. तो संमत झाला नाही. सुभाषबाबूंनी मार्च १९३९ च्या पत्रात नेहरूंना त्याबद्दल बोलही लावला. गांधीजींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये ज्यूंविषयी कळवळ्याने लिहिले आणि सत्याग्रहाचा मार्ग सुचवला. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी, हिटलरपुढे तो चालणार नाही, असे त्यांना कळवले. आणि त्याच काळात आपल्या महाराष्ट्रात, सभांतून आणि वर्तमानपत्रांतून, जर्मनीच्या ‘शिस्ती’चे कौतुक चालले होते, हेही लपवू नये. शत्रूचा शत्रू तो मित्र, या हिशेबात ज्यूंचे काय होते आहे हा प्रश्न मागे पडला.

या सगळ्याच्या आधी एक मराठी बाई बर्लिनमध्ये काहीतरी बोलून गेली होती. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. इरावतीबाई जर्मनीला गेल्या. सासरे महर्षी कर्वे यांना ते पसंत नव्हते. पती दिनकर यांनी पाठिंबा दिला आणि जीवराज मेहतांनी कर्ज दिले. (पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले तेच. तेही एका परीने जामीनच राहिले म्हणायचे.) मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, नाझी वंशशास्त्राला ज्यांनी विद्वत्तेचा मुलामा दिला ते. युरोपीय गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ, म्हणून त्यांच्या कवटीच्या दोन बाजूंत विशिष्ट फरक दिसणार, असे त्यांचे गृहीतक. ते सिद्ध करण्याचे काम त्यांनी या हिंदू विद्यार्थिनीवर सोपवले. बाईंनी शंभरावर कवट्या मोजल्या आणि लिहिले, की वंशाचा आणि या फरकाचा संबंध दिसत नाही. गाईड तो, पदवी त्याच्या हातात, देश त्याचा, कर्ज डोक्यावर. फिशरनी कमीत कमी गुण देऊन प्रबंध मंजूर केला. १९३३ मध्ये हेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. इरावतीबाईंनी ना सभा घेतली, ना पत्रक काढले. मोजमापात जे आले ते लिहिले, आणि जे आले नाही ते लिहायला नकार दिला.

घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता टॉवर उभे आहेत आणि मानपाड्याच्या सोसायट्यांच्या सभांत नळ, लिफ्ट, पार्किंग यांच्या जोडीला ‘भाडेकरू कसले ठेवायचे’ हाही विषय असतो. अशाच एका सभेत एका कुटुंबाच्या आडनावावरून चर्चा निघाली. “आपल्यात बसणार नाहीत,” “आपण काही वाईट म्हणत नाही, पण...” असे सौम्य आवाजात चालले होते. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, “जोशीसाहेब, हे जे ठरते आहे ते कारणासकट इतिवृत्तात लिहा. आणि माझा विरोध आहे, तोही नावानिशी लिहा. मी सही करते.” सेक्रेटरींनी पेन उचलले आणि खाली ठेवले. कारण लिहायला कोणी तयार होईना. विषय बारगळला आणि सभा लिफ्टच्या देखभालीकडे वळली. दोन दिवसांनी बाईंनी त्या कुटुंबाला फोन केला, तोवर त्यांनी डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर जागा घेऊन टाकली होती. घरमालकाला तिथेही ओळख द्यायला कोणीतरी हवे होते. बाईंनी आपले नाव आणि नंबर दिला.