रातोरात तयार होणारी वाट : स्नोमोबाइल ट्रेलविषयीचे गैरसमज

गुलमर्गला किंवा सोलंगला जाऊन आलेल्या बहुतेकांनी ‘स्नो स्कूटर’वर एक फेरी मारलेली असते. स्थानिक चालक मागे बसतो, आपण पुढे हँडल धरल्याचा आव आणतो, एक चक्कर होते, दोन फोटो निघतात आणि उतरल्यावर भावावरून थोडी हुज्जत होते. हेच यंत्र कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत पुन्हा भेटतं, तेव्हा ही आठवण मदतीला येत नाही, उलट घात करते. टोरंटो, मिसिसागा, मिनिआपोलिस या भागांतली मराठी घरं हिवाळ्यात चार कुटुंबं मिळून उत्तरेला कॉटेज घेतात आणि ‘एक दिवस स्नोमोबाइल करू’ असं ठरवतात. तिथे हे खेळणं राहत नाही. नोंदणी, विमा, परवाना, हेल्मेट, वेगमर्यादा असं सगळं लागू असलेलं ते वाहन आहे. ऑन्टारियोत त्याचे ट्रेल सुमारे ३०,००० किलोमीटर आहेत आणि मिनेसोटात २२,००० मैलांहून जास्त. महाराष्ट्रातले सगळे राष्ट्रीय महामार्ग एकापुढे एक मांडले, तरी यातल्या एकाचीही बरोबरी होत नाही.

या वाटांविषयी जे समज ऐकू येतात, त्यांतले काही नवख्यांचे असतात. काही मात्र वीस हिवाळे काढलेल्या मंडळींचेही असतात.

‘ट्रेल सरकारी आहे, म्हणजे सगळ्यांचा आहे’

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज हाच. रुंद, पाट्या लावलेली, नकाशावर क्रमांक असलेली वाट बघून कुणालाही वाटेल की ती बांधकाम खात्याने आखली असणार. प्रत्यक्षात तिचा बराचसा भाग कुणाच्या तरी शेतातून, कुरणातून, खासगी रानातून जातो. व्हर्मांटमध्ये सुमारे ८० टक्के ट्रेल खासगी जमिनीवर आहेत, मेन राज्यात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास जातं. जमीनमालक भाडं घेत नाही. तो हिवाळ्यापुरती परवानगी देतो आणि ती कधीही मागे घेऊ शकतो.

ही परवानगी मिळवतात आणि टिकवतात ते स्थानिक क्लब. असे क्लब का निघाले, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. क्वेबेकमधल्या व्हाल्कूर गावच्या जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आणली. त्याआधीची त्यांची बर्फावरची वाहनं मोठी असायची, डॉक्टर आणि टपाल यांच्या सोयीची. ही नवी मात्र एकट्या-दुकट्याने चालवायची होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत वर्षाला जवळपास पाच लाख यंत्रं विकली जात होती आणि ती कुठेही चालवली जात होती. कुंपणं मोडली, बर्फाखालची पिकं दबली, रात्री-बेरात्री घरामागून गर्जना सुरू झाल्या. शेतकरी चिडले. त्यातून तोडगा निघाला, तो ठरलेल्या वाटांचा. क्लबांनी शेतकऱ्यांशी बोलणी करायची, वाट आखायची आणि चालवणाऱ्यांनी तिच्यावरच राहायचं. व्हर्मांटची क्लब-संघटना १९६७ ची आहे. ऑन्टारियोत आज असे दीडशेहून अधिक क्लब एका महासंघाखाली काम करतात.

म्हणून ‘जरा बाजूच्या शेतात एक वळसा मारून येतो’ हा निरुपद्रवी वाटणारा मोह सर्वांत महाग पडतो. ताज्या बर्फाचं अख्खं शेत समोर पसरलेलं असतं, कुणी बघत नसतं. पण त्याखाली हिवाळी गहू असू शकतो, नव्याने लावलेली रोपं असू शकतात, कुंपणाची तार तर हमखास असते. वसंतात शेतकऱ्याला चाकोऱ्या दिसतात आणि तो क्लबला फोन करून सांगतो, पुढच्या वर्षी माझ्याकडून वाट नको. एका शेताची परवानगी गेली की साखळीतला दुवा तुटतो आणि दोन गावांना जोडणारा ट्रेलच बंद पडतो. एक्झॉस्ट बदलून आवाज वाढवणाऱ्यांमुळेही हेच होतं. माझं मत विचाराल, तर अपघातांपेक्षाही या हुल्लडबाजीने ट्रेल जास्त मारले आहेत.

‘एवढा बर्फ पडलाय, मग ट्रेल अजून बंद कसा?’

डिसेंबरात फूटभर बर्फ पडला की क्लबांवर हा प्रश्न आदळू लागतो. बर्फ ही गरजेची अर्धीच बाजू आहे. त्याखालची जमीन गोठलेली असावी लागते, वाटेतल्या दलदली आणि ओढेही गोठावे लागतात. गंमत अशी, की जमीन गोठण्याआधीच जाड बर्फ पडला तर तो रजईचं काम करतो आणि थंडी खाली उतरूच देत नाही. मग क्लबची माणसं आधी हलकी यंत्रं फिरवून बर्फ दाबतात, त्यातली हवा काढतात, म्हणजे खालची माती गोठायला लागते. त्यानंतरच काही टन वजनाचा ग्रूमर दलदलीवरून नेता येतो. तो रुतला, तर काढायला दुसरं यंत्र आणि एक अख्खी रात्र जाते.

ग्रूमर म्हणजे पट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे ओढलेली लांब लोखंडी चौकट. हिला ड्रॅग म्हणतात. पुष्कळांना वाटतं की तो बर्फ नुसता लोटून सपाट करतो. तसं केलं तर वाट दुपारपर्यंतही टिकणार नाही. स्नोमोबाइल वेग घेताना आणि ब्रेक लावताना तिचा पट्टा बर्फ उकरतो, त्यातून उंचवटे तयार होतात. त्यांना मोगल म्हणतात. पुढची प्रत्येक गाडी ते आणखी वाढवते. खड्डे वरून भरले तर तेच मोगल त्याच जागी परत येतात. म्हणून ड्रॅगची पाती खड्ड्यांच्या तळापर्यंत कापत जातात, कापलेला बर्फ घुसळून एकजीव करतात आणि मागची पाटी तो दाबून बसवते.

यानंतरचं काम मात्र यंत्राचं नाही, थंडीचं आहे. तुटलेले बर्फाचे कण एकमेकांना टेकतात आणि जिथे टेकतात तिथे हळूहळू जुळतात. हे जुळणं पूर्ण व्हायला काही तास लागतात. थंडी कडक असेल तर लवकर, तापमान शून्याच्या आसपास असेल तर उशिरा. नुकत्याच घातलेल्या कोब्यावर पाय दिला तर जे होतं, तेच ताज्या ट्रेलवर लगेच गाडी घातल्यावर होतं : उमटलेली चाकोरी तशीच घट्ट होते. ग्रूमिंग रात्री करण्याचं कारण हेच. तेव्हा पारा उतरलेला असतो, वर्दळ नसते आणि पहाटेपर्यंत वाट बसून जाते. ग्रूमर ताशी दहा-बारा किलोमीटरच्या पुढे क्वचित जातो. चाळीस किलोमीटरची वाट एकदा करून परत यायचं, तर चालकाची रात्र त्यातच संपते.

तेव्हा अंधारात समोरून लुकलुकणारे दिवे येताना दिसले की वेग कमी करून कडेला थांबावं आणि ग्रूमरला जाऊ द्यावं. तो बहुतेक सगळी रुंदी व्यापतो. वळणावर किंवा चढाच्या पलीकडे तो अचानक समोर येऊ शकतो, आणि ग्रूमरला धडकून माणसं मेलेली आहेत. तो गेल्यावर त्याच्या मागची मऊ, सपाट पट्टी फार खुणावते. दुसरी वाट असेल तर ती धरा. नसेल, तर कडेने सावकाश जा.

ऑन्टारियोच्या महासंघाचा ऑनलाइन नकाशा वाटेची स्थिती रंगांत दाखवतो. हिरवा म्हणजे खुला. पिवळा म्हणजे मर्यादित : बर्फ कमी, अडथळे शक्य, जपून जा. लाल म्हणजे बंद. ‘ट्रेलचं परमिट आहे की माझ्याकडे’ हा युक्तिवाद लाल वाटेवर चालत नाही. तिथे तुम्ही कुणाच्या तरी खासगी जमिनीत विनापरवाना शिरलेले असता.

‘सपाट, रिकामी वाट, मग वेगाला काय हरकत?’

ऑन्टारियोत ट्रेलवर मर्यादा ताशी ५० किलोमीटर आहे, क्वेबेकमध्ये ७० आणि मिनेसोटात ५० मैल. शंभरच्या पुढे सहज जाणाऱ्या यंत्रावर बसल्यावर या मर्यादा हास्यास्पद वाटतात खऱ्या. पण ट्रेल दुहेरी असतो, हे नवख्यांच्या लक्षातच येत नाही. तीन-चार मीटरच्या पट्टीवर दोन गाड्या ताशी ८० ने समोरासमोर आल्या, तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला ४४ मीटरनं कमी होतं. झाडीतल्या वळणावर पन्नास मीटर पुढचं दिसत असेल, तर दोघांकडे मिळून सेकंदभरच उरतो.

त्यातही भारतातून नव्याने आलेल्यांसाठी वेगळा धोका आहे. ट्रेलवर उजवीकडून चालायचं असतं. शांतपणे चालवताना ते लक्षात राहतं, दचकल्यावर मात्र हात जुन्या सवयीने डावीकडे वळतात आणि डावीकडून तर समोरचा येत असतो. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणाआधी मनातल्या मनात ‘उजवी, उजवी’ म्हणत राहणं वेडेपणाचं वाटेल, पण उपयोगाचं आहे.

ब्रेकचंही तसंच. स्नोमोबाइलचा ब्रेक फक्त मागच्या पट्ट्याला असतो. पुढच्या दोन स्की दिशा देतात, थांबवत नाहीत. कडक बर्फावर पट्टा अडला की गाडी घसरतच राहते. रात्री हेडलाइटचा उपयोगी उजेड साधारण साठ मीटर पडतो. ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे हरीण दिसून अंगठा थ्रॉटलवरून निघेपर्यंतच निम्म्याहून अधिक उजेड संपलेला असतो.

कपड्यांबद्दल एवढंच : सुती थर नको, तो घामाने ओला होतो आणि थंड पडतो. लोंबता मफलर किंवा ओढणी मुळीच नको, ती पट्ट्यात ओढली जाऊ शकते. आणि इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवलेली हवीच. पडलात तर निदान गाडी थांबते.

‘तळ्यावर खुणेच्या काठ्या रोवल्यात, म्हणजे बर्फ पक्का’

क्लब तळ्यावरून जाणारी वाट काठ्यांनी आखतात, ती दिशा कळावी म्हणून. काठी रोवली त्या दिवशी, त्या जागी बर्फ बरा होता, यापलीकडे ती काहीही सांगत नाही. किती जाडी पुरे, यावर दोन विश्वासार्ह संस्थांची उत्तरंच पाहा. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं स्नोमोबाइलसाठी नव्या, पारदर्शक बर्फाची किमान पाच ते सात इंच, म्हणजे १३ ते १८ सेंटिमीटर जाडी सांगतं. कॅनडाचा रेडक्रॉस २५ सेंटिमीटर सांगतो. दोघांपैकी कुणी चुकलेलं नाही. बर्फच सगळीकडे सारखा नसतो. पांढरा, बुडबुडे अडकलेला बर्फ स्वच्छ निळसर बर्फाच्या साधारण निम्म्याच ताकदीचा असतो. ओढा तळ्याला मिळतो तिथे, दोन बेटांमधल्या चिंचोळ्या जागी, पुलाखाली पाणी वाहतं राहतं आणि बर्फ पातळ राहतो. वर पडलेला हिम त्याला ऊबही देतो आणि झाकूनही टाकतो. ऑन्टारियोचे पोलीस दर हिवाळ्यात वेग आणि दारू यांच्या बरोबरीने पातळ बर्फाचं नाव घेतात, ते यामुळेच. जमिनीवरून जाणारी वाट असेल तर तळ्याचा जवळचा रस्ता मोहवू देऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

पाण्यात पडलंच तर काय? ‘दोन मिनिटांत गोठून मरतो’ ही समजूत खोटी आहे, आणि घातकही, कारण तीच घाबरवून सोडते. मनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी स्वतः थंडगार पाण्यात उतरून यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं. त्यांनी सांगितलेलं सूत्र एक-दहा-एक : पहिलं एक मिनिट धाप आवरण्याचं, पुढची सुमारे दहा मिनिटं हातापायांत ताकद असण्याची आणि बेशुद्ध व्हायला जवळपास एक तास. म्हणजे आधी श्वास सांभाळायचा. मग आलो त्याच दिशेला वळायचं, कारण तिथल्या बर्फाने आपल्याला पेललेलं असतं. पाय मारत शरीर आडवं करायचं, कोपरांनी वर सरकायचं आणि उभं न राहता लोळत दूर जायचं. गळ्यात अडकवलेले दोन टोचे, म्हणजे आइस पिक, इथे जीव वाचवतात. तरंगणारा सूट दहाऐवजी पुष्कळ जास्त मिनिटं मिळवून देतो. गाडीचा विचार सोडून द्यायचा.

‘थंडीत एक पेग लागतोच’

दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे ऊब वाटते, पण शरीराची उष्णता भराभर बाहेर जाते. आणि कायद्यासाठी स्नोमोबाइल हे वाहनच आहे. कॅनडात पिऊन स्नोमोबाइल चालवली तर तोच फौजदारी कायदा लागतो आणि ऑन्टारियोत परवाना जातो तो मोटारीचाही.

‘परमिटचे पैसे म्हणजे आणखी एक कर’

नवा ग्रूमर लाखो डॉलरचा असतो. डिझेल, पाती, लाकडी पूल, पाट्या आणि जमीनमालकांना दावे सोसावे लागू नयेत म्हणून काढलेला विमा हा खर्च वेगळा. ऑन्टारियोत हा पैसा प्रामुख्याने परमिटमधून येतो आणि परमिट घेताना आपला क्लब निवडता येतो. ज्या भागात फिरता तिथला निवडा. मिनेसोटात राज्य सरकार क्लबांना अनुदान देतं. न्यूयॉर्कने चतुराई दाखवली आहे : क्लबचा सदस्य असेल तर नोंदणी ४५ डॉलरला, नसेल तर १०० ला. व्हर्मांटमध्ये क्लबचं सदस्यत्वच आधी घ्यावं लागतं.

पण पैसे भरून काम संपत नाही, कारण बहुतेक काम फुकट होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात झुडपं छाटणं, वादळात पडलेली झाडं कापणं, पूल दुरुस्त करणं, शेतकऱ्याच्या दारी जाऊन परवानगी नव्याने मागणं आणि मोसम संपताच सगळ्या काठ्या-पाट्या उपटून आणणं. हे करणारे बहुतेक क्लबांत साठीच्या पुढचे लोक दिसतात आणि त्यांची पहिली तक्रार माणसं कमी पडतात अशीच असते. एखाद्या शनिवारी हातमोजे घालून गेलात तर तुमचं नाव-गाव कुणी विचारणार नाही, आधी करवत हातात देतील. तेवढं जमणार नसेल, तर ऑन्टारियोत परमिट नोव्हेंबर उजाडण्याआधी काढा. ते स्वस्त पडतं आणि क्लबला डिझेलचे पैसे बर्फ पडण्याआधी मिळतात.