इंग्रजी शब्द आणि आपली सही

इंग्रजी शब्दसंपत्ती कशी वाढवावी, या विषयावर बोलण्यासाठी एखाद्या प्राध्यापकांना पाचारण करावयाचे सोडून व्याख्यानमालेच्या चालकांनी कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाला का बोलावले, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आला असेल. आमच्याही मनात तो आला. आमचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. इंग्रजी आम्ही शिकलो ते तर्खडकरांच्या जुन्या पाठमालेवरून, कारखान्याच्या नोटीस बोर्डावरून आणि कायद्याच्या पुस्तकांवरून. त्यामुळे त्या भाषेच्या सौंदर्याविषयी आम्ही काही सांगू शकणार नाही. पण न समजलेला एक शब्द माणसाला किती महाग पडतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात लेथवर काम करणारे एक वडीलधारे कामगार हातात कागद घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, “भाऊ, तुम्हांला इंग्रजी येतं. हा शब्द काय म्हणतो, तेवढं सांगा.” शब्द होता ‘व्हॉलंटरी’. आम्हांला तो नीट ठाऊक नव्हता आणि ठाऊक नाही असे म्हणण्याची लाज वाटली. व्हॉलंटिअर म्हणजे स्वयंसेवक, एवढे माहीत होते. तेव्हा “फॉर्मपुरता शब्द आहे, काळजी करू नका,” असे आम्ही सांगून मोकळे झालो. त्यांनी सही केली.

दोन महिन्यांनी त्याच लेथवर नवा माणूस आला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात छाटणी झालेल्या कामगाराला पुन्हा भरतीच्या वेळी अग्रक्रम देण्याची तरतूद होती. परंतु छाटणीच्या, म्हणजे ‘रिट्रेंचमेंट’च्या, व्याख्येतून ‘व्हॉलंटरी’ निवृत्ती स्पष्टपणे वगळलेली होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती वगळलेली आहे. त्या गृहस्थांची छाटणी झालीच नव्हती. कागदाच्या मते ते आपल्या खुशीने गेले होते. त्यांनी आम्हांला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्या दिवसापासून आम्ही शब्दांची वही घातली. त्या वहीने जे शिकवले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, कठीण शब्द पाठ करू नये, तो फोडावा. लॅटिन भाषेत ‘व्होलुंतास’ म्हणजे इच्छा. व्हॉलंटरी म्हणजे स्वेच्छेचे, बेनेव्होलंट म्हणजे भले इच्छिणारा, मॅलेव्होलंट म्हणजे वाईट इच्छिणारा. एक मूळ सापडले की घरचे सगळे लोक भेटतात. आपल्या मराठीत ‘हात’ या शब्दापासून हातभार, हातोटी, हातखंडा असे कुटुंब वाढले आहे. लॅटिनमध्ये हाताला ‘मानुस’ म्हणतात. त्यापासून मॅन्युअल म्हणजे हाताचे काम, मॅन्युस्क्रिप्ट म्हणजे हस्तलिखित आणि मॅन्युफॅक्चर म्हणजे मुळात हाताने केलेली वस्तू. आज गिरणीत यंत्राने निघणाऱ्या मालालाही तेच नाव आहे. गंमत अशी की ‘मॅनेज’ हा शब्दही त्याच घरचा. इटालियन भाषेतून आला, तेव्हा त्याचा अर्थ घोडा हाताळणे असा होता. म्हणजे मॅन्युअल कामगार आणि मॅनेजर हे शब्दांच्या नात्याने सख्खे भाऊ. एकाचा हात कामावर, दुसऱ्याचा लगामावर!

दुसरी गोष्ट म्हणजे शब्दाची जन्मकथा पाहावी, कारण कथेमुळे शब्द डोक्यात टिकतो. १७६८ साली लंडनच्या बंदरातील खलाशांनी वेतनासाठी जहाजांची शिडे उतरवून ठेवली. शिडे उतरवण्याला त्यांच्या बोलीत ‘स्ट्राइक’ म्हणत. संपाचे इंग्रजी नाव तेथून आले. १८८० साली आयर्लंडमधील मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनी आणि गावकऱ्यांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले, आणि त्याचे आडनाव बहिष्काराला कायमचे चिकटले.

मात्र जन्मकथा ऐकताना सावध असावे. ‘सॅबोटाज’ हा शब्द ‘साबो’ या लाकडी बुटावरून आला हे खरे; पण कामगारांनी ते बूट यंत्रांत फेकले, या लोकप्रिय कथेला आधार नाही. त्या फ्रेंच क्रियापदाचा अर्थ गबाळे काम करणे असा होता. आम्ही स्वतः कित्येक सभांतून ती बुटांची कथा रंगवून सांगितली होती, याची येथे कबुली देतो.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मूळ कळले म्हणजे अर्थ कळला असे नव्हे. ‘ग्रॅच्युइटी’ घ्या. शब्दाच्या मुळाशी आनंद आणि कृतज्ञता आहेत; इंग्रज माणूस हॉटेलातील वेटरला देतो त्या बक्षिसीलाही ग्रॅच्युइटी म्हणतो. एवढ्यावरच थांबणारा कामगार मालकापुढे हात जोडून उभा राहील. पण १९७२ च्या कायद्याने आपल्या देशात ती हक्काची रक्कम झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती हक्काचीच आहे. म्हणून मूळ पाहावे, आणि मग हा शब्द ज्या कागदावर आला आहे तेथे त्याला काय अर्थ दिला आहे, हेही पाहावे.

आता नव्याने घडवलेल्या शब्दांकडे वळू. शब्द घडवण्याचे मार्ग थोडेच आहेत. कधी दोन शब्द सांधतात. धूर आणि धुके यांच्या इंग्रजी नावांपासून विसाव्या शतकाच्या आरंभी ‘स्मॉग’ झाला. कधी परभाषेतून उचलतात. ‘रोबोट’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून आला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या ‘रोबोता’चा अर्थ वेठबिगार! आपला ‘घेराव’ही १९६७ साली पश्चिम बंगालमधील कामगार लढ्यांत गाजला आणि इंग्रजी शब्दकोशांत जाऊन बसला.

तिसरा मार्ग जुन्या शब्दावर नवा अर्थ चढवण्याचा. ‘डाउनसायझिंग’ हा शब्द १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत मोटारींचा आकार लहान करण्यासाठी वापरात आला. पुढे तो माणसांची संख्या लहान करण्यासाठी वापरू लागले. ‘गिग’ म्हणजे जाझ वादकांच्या बोलीत एका रात्रीचे काम. आपले तमाशा आणि ऑर्केस्ट्रावाले ज्याला सुपारी म्हणतात, ते. आज घरोघर जेवणाचे डबे पोचवणारा मुलगा ‘गिग वर्कर’ आहे. २०२० च्या संहितेत त्याची व्याख्याच मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेर काम करणारा अशी आहे. त्याला कोणी ‘पार्टनर’ म्हणते. पार्टनर म्हणजे भागीदार; तेव्हा नफ्यात भाग किती, हे त्याने विचारावयास हवे.

अशा शब्दांसाठी शाळेतले व्याकरण फार उपयोगी पडते. गुरुजी विचारीत, “वाक्यातला कर्ता कोण? कर्म कोणते?” ‘कारखान्यात डाउनसायझिंग झाले’ या वाक्यात कर्ता कोठे आहे? ज्यांची नोकरी गेली, ती माणसे कोठे आहेत? दोघेही वाक्यातून नाहीसे झाले आहेत. नवा शब्द भेटला की, हे कोणी केले, कोणाला केले आणि पैसे कोणाच्या खिशातून गेले, हे तीन प्रश्न आम्ही विचारतो. शब्दकोशात तो शब्द नसला तरी या प्रश्नांनी त्याचा अर्थ बराचसा उलगडतो.

नियम म्हणाल तर साधा आहे. रोज दोनच शब्द घ्यावेत. वहीत मूळ, भाऊबंद आणि आपल्या व्यवहारातले एक वाक्य लिहावे. आठ दिवसांनी वही झाकून ते आठवून पाहावेत. शब्द शोधायला लांब जाणे नको. बँकेचा अर्ज, विम्याचा कागद, इस्पितळातील संमतिपत्रक हीच आपली पाठ्यपुस्तके. आणि घरातील शिकलेल्या मुलामुलींना अर्थ विचारण्यात कमीपणा मानू नये.

आजही कोणी कागद घेऊन आमच्याकडे येतो. कधी कधी त्यातला शब्द आम्हांला येत नाही. तेव्हा आम्ही सरळ सांगतो, “हा शब्द मला ठाऊक नाही. बसा, आपण दोघे मिळून पाहू. तोवर सही करू नका.”