चोरी कोणती आणि मोकळीक कोणती?

क्रिकेटमध्ये ‘धाव चोरली’ असे आपण म्हणतो ते निव्वळ कौतुकाने. धावफलकावर तिची निराळी नोंद होत नाही. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये मात्र, श्रोतेहो, चोरी हा गुणलेखकाच्या वहीतला स्वतंत्र रकाना आहे. टोल्याची वाट न पाहता, चेंडू टाकला जात असतानाच धावणाऱ्याने पुढचा टप्पा, म्हणजे ‘बेस’, गाठला की ती चोरी.

परंतु खेळ संपत आलेला असताना पुष्कळ पुढे असलेला संघ अशा धावणाऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला बेस मिळतो. पण गुणलेखक चोरी लिहीत नाही. १९२० पासूनचा हा नियम. घरधन्याने जाणूनबुजून दार उघडे टाकले, तर ती चोरी कसली? दोघे एकदम धावले आणि एक बाद झाला, तर सुखरूप पोचलेल्यालाही चोरीचे श्रेय नाही. हे मला थोडे कठोरच वाटते.

१८८७ मध्ये ह्यू निकोलच्या नावे १३८ चोऱ्या मांडल्या गेल्या; १९८२ मध्ये रिकी हेंडरसनच्या १३०. तरीही आधुनिक उच्चांक हेंडरसनचाच मानतात. कारण निकोलच्या काळी सहकाऱ्याच्या टोल्यावर एखादा बेस जादा पळून घेतला, तरी ती चोरीच धरीत. ही सवलत १८९८ मध्ये बंद झाली. निकोलच्या आकड्यात दोन्ही प्रकार एकत्र मिसळलेले आहेत.